नोहाच्या धनुष्याला रंग किती?

परतीच्या पावसात लातूर-नांदेडकडे इंद्रधनुष्य दिसतं ते बहुतेक दिवस कलल्यावर, पूर्वेच्या आभाळात. सूर्य पाठीशी हवा, सर समोर हवी आणि सूर्य 42 अंशांच्या खाली उतरलेला हवा; म्हणून भर दुपारी कितीही भुरभुर झाली तरी जमिनीवर उभ्या माणसाला ते दिसत नाही. हे शाळेत शिकवतात. ‘तानापिहिनिपाजा’ही तिथंच पाठ होतं. मग संडे स्कूलमधली पोरं नोहाच्या तारवावर सात पट्ट्यांची कमान रंगवतात, आणि सात रंग बायबलमधूनच आले असावेत असं सगळे धरून चालतात.

बायबलात ते नाहीत. सातची गणती न्यूटनची, 1704 साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’मधली. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात धनुष्य आहे, पण रंग एकही नाही. हिब्रू मजकुरात ते लढाईतलंच धनुष्य आहे. जलप्रलय ओसरल्यावर देव ते ढगात ठेवून देतो. तेराव्या शतकातल्या नाखमानिदेस या ज्यू भाष्यकारानं त्याच्या ठेवणीकडे बोट दाखवलं: दोन्ही टोकं खाली, म्हणजे बाण पृथ्वीवर सुटूच शकत नाही.

मला त्या अध्यायातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात, आणि दोन्हींकडे प्रवचनात फारसं कुणी थांबत नाही. एक म्हणजे, धनुष्य बघून आठवण ठेवायची आहे ती देवानं. दुसरी, करार एकट्या नोहाशी नाही. गुरंढोरं, पाखरं, रानातली श्वापदं यांच्याशीही तो आहे, आणि हे पुन्हा पुन्हा बजावलेलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं तेव्हा माणसांबरोबर दावणीची जनावरंही गेली. तिथल्या माणसाला हा करार नीट वाचून दाखवायला हवा. पूर येणारच नाही असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. सगळी पृथ्वी पुन्हा पाण्यानं बुडवणार नाही, एवढंच वचन आहे.

यानंतर धनुष्य फार थोड्या वेळा भेटतं. बाबेलच्या बंदिवासात यहेज्केलाला, आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी पात्म बेटावर योहानाला. योहानाला सिंहासनाभोवती दिसलेली कमान पाचूसारखी आहे. म्हणजे अख्ख्या बायबलात इंद्रधनुष्याच्या रंगाचा असा उल्लेख येतो तोही हिरव्या रत्नाच्या उपमेतून.

बाकीचे रंग मात्र जागोजागी आहेत आणि त्यांचा अर्थ लावताना आधी त्यांची किंमत बघावी लागते. निर्गमात निवासमंडपाचे पडदे निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुतानं विणायला सांगितले आहेत. हा जांभळा सोर-सिदोनच्या किनाऱ्यावरच्या समुद्री गोगलगायींपासून निघे. 1909 मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं 12,000 गोगलगायी खर्ची घातल्या, तेव्हा त्याच्या हाती 1.4 ग्रॅम रंग आला. किरमिजी एका झाडावरच्या किड्यापासून करत, आपल्याकडे पळसावर लाखेचा किडा असतो त्याच जातकुळीचा. मराठवाड्याला एकेकाळी रंग शेतातून मिळे. करडईच्या फुलांपासून कुसुंबी रंग करत. आज करडई म्हटलं की तेलच आठवतं, आणि तिचा पेराही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

किमतीचा हा हिशेब डोक्यात ठेवला की शास्त्रातले प्रसंग वेगळे दिसू लागतात. लूकच्या दृष्टांतातला श्रीमंत जांभळी वस्त्रं नेसतो आणि त्याच्या दारात लाजार उपाशी पडलेला असतो. श्रीमंताविषयी आणखी काही सांगावंच लागत नाही. फिलिप्पै शहरात पौलाचं ऐकून बाप्तिस्मा घेणारी लुदिया ही जांभळ्या वस्त्रांची व्यापारी, म्हणजे चांगली पैसेवाली बाई. आणि शिपाई येशूची टर उडवायला त्याच्या अंगावर राजाचा झगा चढवतात, तो मार्क आणि योहान यांच्या लेखी जांभळा, मत्तयाच्या लेखी किरमिजी. काही भाष्यकारांचा तर्क असा की तो शिपायाचाच जुना लाल झगा असावा. मला हा तर्क पटतो. टिंगलीसाठी खरं राजवस्त्र कोण काढून देईल?

पांढऱ्याची गोष्ट निराळी. प्रकटीकरणात पांढरी वस्त्रं जिंकलेल्यांची, छळातून पार पडलेल्यांची आहेत. मराठीत मात्र पांढरं कपाळ, पांढऱ्या पायाची, असं सगळं अभद्रच. पंडिता रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या आणि पांढऱ्या साडीतच राहिल्या. पुढं केडगावला हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं; 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. समाजानं विधवेला दिलेला रंग त्या ग्रंथात विजयाचा होता. याविषयी त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार केल्यावाचून मला ती पानं वाचता येत नाहीत.

चर्चमधल्या रंगांचा उगम शास्त्रात शोधू नये. नांदेड-लातूरचे कॅथलिक 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. तिथं आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, असा क्रम चालतो. ही शिस्त मध्ययुगीन आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस पुढं पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंटनं तिच्यावर लिहून ठेवलं. पेंटेकॉस्टनंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत बहुतेक रविवार हिरवे. म्हणजे इकडचा अख्खा खरीप. रोममध्ये कुणी सोयाबीनचा विचार केला नसणार, पण जमून आलंय खरं.

आता काळा. तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण त्यात आपला बाजार आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात चार घोडे येतात: पांढरा, लाल, काळा आणि शेवटी मरणाचा फिकट हिरवट. काळ्यावरच्या स्वाराकडे तलवार नाही. त्याच्या हातात तागडी आहे, आडतीवरच्या मापाड्यासारखी. भाव पुकारला जातो: दिवसाच्या मजुरीत एक माप गहू, किंवा तीन मापं जव. एक माप म्हणजे एका माणसाचं दिवसाचं धान्य. गहू घेतला तर मजूर एकटाच जेवणार, बायकापोरांना जगवायचं तर हलकं धान्य घ्यायचं. हा दुष्काळाचा भाव आहे, आणि त्याला जोडूनच हुकूम येतो की तेलाला आणि द्राक्षारसाला हात लावू नका.

हा हुकूम कशाला, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. कुणी म्हणतं, जैतुनाची आणि द्राक्षाची मुळं खोल, कोरड्या वर्षात ती तगतात. कुणी म्हणतं, भाकरीच्या धान्याला आग लागली तरी पैसेवाल्यांच्या पिकाला धक्का लागत नाही, हेच दाखवायचं आहे. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला लातूरला पोचलेल्या पहिल्या गाडीत 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी होतं. पिण्याच्या पाण्याला गाडी लागणाऱ्या या भागात इतका ऊस आणि इतके कारखाने कसे, हा वाद त्या उन्हाळ्यात पुन्हा पेटला. त्यानंतर मी दुसऱ्या भाष्यकाराच्या बाजूचा झालो.