भ्रमणध्वनीच्या पडद्याची नोंद : उपयोग आणि मर्यादा

निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी फार्मसी चालविणाऱ्यास २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून औषधनिर्मितीच्या परवान्याचा अर्ज ‘ई-औषधी’ संकेतस्थळावर भरावा लागतो. मध्येच एखादी पायरी अडली, तर नेमके काय घडले हे नंतर शब्दांत सांगणे अवघड जाते. अशा वेळी ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ साक्षीदाराचे काम करते.

आयफोनमध्ये ही सोय २०१७ पासून, तर अँड्रॉइडमध्ये अकराव्या आवृत्तीपासून (२०२०) अंगभूत आहे. वेगळे ॲप घेण्याचे कारण नाही. अँड्रॉइडवर पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढावे, ‘स्क्रीन रेकॉर्ड’ हे चिन्ह दाबावे व आवाज हवा की नको ते ठरवावे. तत्पूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावे. अन्यथा ओटीपी व खासगी संदेशही चित्रफितीत उतरतात. बँकांच्या काही ॲपमध्ये नोंद काळी येते, म्हणून भरण्याची पावती स्वतंत्र जपावी.

रुग्णाबाबत मात्र आम्ही सावधगिरीचा आग्रह धरतो. तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये वैद्यांना दूरस्थ सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. गोपनीयतेचे बंधन तेथेही सुटत नाही. व्हिडिओ कॉलवर त्वचाविकार दाखविणाऱ्या रुग्णास आपली नोंद होत असल्याची कल्पनाही नसते. म्हणून कारण सांगून आधी संमती घ्यावी, फीत कुलूपबंद ठेवावी आणि वैद्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. लहान गावात चेहरा झाकला तरी आवाजावरून माणूस ओळखला जातो. रुग्णाचा विश्वास हेच वैद्याचे खरे भांडवल होय.