जलवाहिनी प्रथिने, मेंदूतील
जलवाहिनी प्रथिने, मेंदूतील : कोशिकापटलातून पाण्याच्या रेणूंना आत-बाहेर जाऊ देणारी प्रथिने. यांस ‘ॲक्वापोरिने’ असेही म्हणतात. पीटर ॲग्री या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये त्यांचे कार्य सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मेंदूत ॲक्वापोरीन–४ प्रमुख असून ते तारकाकोशिकांच्या रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या टोकांवर दाटीने आढळते. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यावर कोशिका फुगतात, तेव्हा पाणी मुख्यतः याच मार्गाने आत शिरते. २००० मध्ये हे प्रथिन नसलेल्या उंदरांत अशी सूज कमी आढळली. याउलट अर्बुदामुळे रक्तवाहिन्यांतून पाझरून कोशिकांबाहेर साचलेल्या द्रवाचा निचराही याच मार्गाने होतो. त्यामुळे हा मार्ग रोधणे एका अवस्थेत हितकर, तर दुसरीत अपायकारक ठरू शकते.

दृक्-तंत्रिका व मेरुरज्जू यांचा दाह होणाऱ्या ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ या विकारात बहुसंख्य रोग्यांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. त्यांच्या परीक्षेमुळे हा विकार ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’पासून वेगळा ओळखता येतो. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण दुसऱ्या विकारात दिले जाणारे बीटा इंटरफेरॉन पहिल्यात दिल्यास रोग बळावू शकतो.