मोगरा मान टाकतो तेव्हा



आमच्या अंगणातल्या वाफ्यात सासूबाईंनी लावलेला मोगरा आहे. दर उन्हाळ्यात त्याच्या गजऱ्यांवर पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. एका दिवाळीत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, शेंड्यांनी माना टाकल्या. मला वाटलं, तहानलाय. मी पाणी वाढवलं. आठ दिवसांत झाड आणखीच मलूल झालं.

शेवटी मातीत बोट घातलं. वरून कोरडी दिसणारी माती दोन पेरांखाली नुसता चिखल, आणि वास आंबूस! न्हाणीचं पाणी त्याच वाफ्यात मुरत होतं. मुळांनाही हवा लागते. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात, कुजतात आणि त्यांना पाणी ओढता येत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानलेलं दिसतं.

तेव्हा पाणी किंवा खत घालण्याआधी झाड तपासा. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. बुंध्याजवळची थोडी माती उकरून मूळ बघा. पांढरट आणि टणक मूळ चांगलं. काळं, मऊ, साल सुटणारं मूळ कुजलेलं.

पानंही बोलतात. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली, तर बहुधा नत्र कमी पडतंय. कुजलेलं शेणखत द्या. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत असं होतं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवून संध्याकाळी फवारा. पानामागे बारीक जाळी दिसली तर कोळी आहे. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. कळ्यांना भोकं असतील तर आत अळी आहे. त्या कळ्या तोडून नष्ट करा.

मी आधी न्हाणीचं पाणी चर काढून दुसरीकडे वळवलं. कुजकी मुळं आणि सुकलेल्या काड्या कापल्या. बुंध्याभोवती वाळू आणि शेणखत मिसळलेली माती भरून वाफा उंच केला. माती वाळल्याशिवाय पाणी दिलं नाही. नवी पालवी फुटेपर्यंत आणखी खतही घातलं नाही, कारण आजारी मुळांना ते सोसत नाही.

त्या उन्हाळ्यात मूठभरच कळ्या आल्या. गजरे झाले नाहीत, वह्या उधारीवर आणल्या. पण मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून पुढच्या हिवाळ्यात, झाड सावरल्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर छाटणी केली. चैत्रात ओंजळी भरल्या.

तुमचं झाड मान टाकत असेल, तर तांब्या उचलण्याआधी मातीत बोट घाला.