हिंगाचा वास आणि पाण्याचं माप

आमटीला हिंगाची फोडणी दिली की वास शेजारच्या घरापर्यंत जातो. म्हणून या आमटीत सगळ्यात जास्त हिंगच आहे, असं कुणी म्हणेल का? आपण नाही म्हणणार, मैत्रिणींनो. चिमूटभर हिंग आपल्याच हातानं टाकलेला असतो ना! पण आकाशातल्या ताऱ्याची आमटी कुणी शिजताना पाहिली आहे? तिथे मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा वासावर भुलले होते. त्यांना पाण्याचं माप दाखवलं ते पंचविशीतल्या एका मुलीनं, गणित मांडून.

तिचं नाव सेसिलिया पेन. जन्म १९०० सालचा, इंग्लंडमधला. चार वर्षांची असताना वडील गेले, आईनं तिन्ही मुलांना वाढवलं. सेसिलिया केंब्रिजला शिकली. पण तिथे तेव्हा बायकांना शिकू देत, पदवी देत नसत. ती मिळू लागली थेट १९४८ मध्ये. म्हणून १९२३ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या. सूर्याच्या प्रकाशात लोखंड, कॅल्शियम यांच्या रेघा ठळक दिसतात. त्यामुळे सूर्य आपल्या पृथ्वीसारख्याच मालाचा बनलाय, असा सगळ्यांचा समज होता.

इथे आपल्याकडचा एक माणूस येतो. ढाक्याजवळच्या खेड्यात जन्मलेले मेघनाद साहा. १९२० मध्ये त्यांनी एक समीकरण मांडलं. वायू तापला की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. किती सुटतील ते तापमानावर आणि दाबावर ठरतं, आणि त्याचा हिशेब करता येतो. म्हणजे रेघ ठळक की पुसट, हे नुसतं मालावर नाही, आचेवरही अवलंबून. सेसिलियानं हे समीकरण घेतलं, वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटांवरच्या रेघा मोजल्या आणि प्रत्येक मूलद्रव्याचं माप काढलं. सूर्याच्या आचेवर हायड्रोजनचे अगदी थोडे अणू रेघ उमटवू शकतात. तरीही त्याच्या रेघा दिसतात, म्हणजे हायड्रोजन अफाट असला पाहिजे. उत्तर आलं ते असं, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेत. लोखंड-कॅल्शियम म्हणजे नुसता चिमूटभर हिंग!

हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळातले बडे शास्त्रज्ञ. हे अशक्य आहे, असं त्यांनी तिला कळवलं. मग १९२५ च्या प्रबंधात तिला स्वतःच्याच आकड्यांखाली लिहावं लागलं, की हे बहुधा खरं नसावं. चार वर्षांनी रसेल स्वतः दुसऱ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला, पण शोधाचं नाव बराच काळ त्यांच्याकडेच गेलं. ती शिकवत होती, तरी तिचे वर्ग १९४५ पर्यंत हार्वर्डच्या अभ्यासक्रमाच्या यादीत छापले जात नव्हते. पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९५६ मध्ये. तोवर तिचा संसार झाला होता, तीन मुलं झाली होती.

गंमत बघा. ज्या १९२५ मध्ये तो प्रबंध आला, त्याच वर्षी फिलाडेल्फियात मार्गारेट डेहॉफ जन्मली. तिनं गणित नेलं ते थेट आपल्या रक्तामांसात.

शरीरातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा, आणि मणी वीस प्रकारचे. मार्गारेटनं प्रत्येक मण्याला एकेक अक्षर दिलं, कारण तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये जागा फार थोडी. १९६५ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी ६५ प्रथिनांच्या माळा एका पुस्तकात छापल्या. मग प्रश्न आला, दोन माळा एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का, हे कसं ओळखायचं?

तिची युक्ती आपल्याला चटकन कळेल. पुरणपोळीत साखरेऐवजी गूळ घातला तर पोळी पुरणाचीच राहते. साखरेऐवजी मीठ घातलं तर? म्हणजे सगळे बदल सारखे नसतात. नात्यातल्या प्रथिनांमध्ये कुठल्या मण्याऐवजी कुठला मणी निसर्गानं किती वेळा चालवून घेतला, ते तिनं मोजलं आणि प्रत्येक अदलाबदलीला गुण ठरवले. चालण्यासारखी असेल तर अधिक, न चालणारी असेल तर उणे. १९७८ मध्ये तिनं ही कोष्टकं सविस्तर छापली. पुढे त्यांत सुधारणा झाल्या, मूळ कल्पना आजही तीच आहे.

याचा आपल्याशी काय संबंध? माणसाच्या इन्शुलिनमध्ये ५१ मणी असतात. डुकराच्या इन्शुलिनमध्ये त्यातला फक्त एक वेगळा, गाईच्या तीन. म्हणून तर कितीतरी वर्षं मधुमेहाच्या पेशंटांना जनावरांचं इन्शुलिन चाललं. उलट, हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ‘ई’च्या ऐवजी ‘व्ही’ आला की सिकलसेल. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांना हा आजार ठाऊक आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका. कोरोनाच्या काळात बातम्यांमध्ये ‘डी ६१४ जी’ असं काहीतरी ऐकलं होतं ना? ६१४ व्या जागी ‘डी’ जाऊन ‘जी’ आला, एवढाच त्याचा अर्थ. ती अक्षरं मार्गारेटचीच.

आणि हे सगळं तिनं सलग नाही केलं. दोन मुली लहान असताना काही वर्षं संशोधन बाजूला ठेवलं. पुढे अनुदान मागायला गेली तेव्हा मधल्या खंडावर बोट ठेवलं गेलं. तरी ती टिकली, आणि १९८३ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिली. १९६७ मध्ये तर कार्ल सेगन यांच्यासोबत ग्रहांच्या वातावरणाचंही गणित तिनं मांडलं.

मी तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवते. दर वर्षी अकरावीच्या प्रवेशाला आया विचारतात, “मॅडम, बायो घेतलंय, मग गणित कशाला? ‘नीट’ला तर लागत नाही. पोरीच्या डोक्याला ताप नको.” त्यांचं अगदीच चुकतं असं नाही, क्लासची फी, जाण्यायेण्याचा वेळ, घरातली कामं, सगळं त्याच पोरीच्या माथी असतं. पण ‘नीट’ला पुरेसे मार्क पडले नाहीत तर गणित सोडलेल्या मुलीसमोर किती कमी वाटा उरतात, ते मी दर जूनमध्ये बघते. इंजिनीअरिंग, संख्याशास्त्र यांची दारं बहुतेक ठिकाणी बंद होतात. आणि आता नवं औषध शोधायचं तरी बायोला गणिताचाच हात धरावा लागतो.

मुलीला गणित खरंच नको असेल तर सक्ती नको. पण तिला झेपत असेल आणि केवळ आपल्या भीतीपोटी फॉर्मवरचा तो रकाना रिकामा राहत असेल, तर आधी तिला एकदा विचारा. मुलगी समोर बसलेली असते आणि उत्तर आई देते, असं मी फार वेळा पाहिलंय.