ज्वारीच्या पायलीवर चाललेला दवाखाना

अंतरवाली सराटी (ता. अंबड) : दुखणं हाताबाहेर गेलं की आपल्या भागातला प्रवास ठरलेला. आधी वडीगोद्री, मग अंबड, मग जालना. तिथंही भागलं नाही तर संभाजीनगरची घाटी. सोबत दोन माणसं, गाडीचं भाडं, बाहेरून आणायची औषधं आणि बुडालेली मजुरी. ऑपरेशन फुकटात झालं तरी पेशंट घरी येईस्तोवर दावणीची एखादी गाय गेलेली असते.

२०२३ च्या उपोषणापासून या गावाचं नाव देशभर झालं. त्या दिवसांत सरकारी डॉक्टरांची पथकं वरचेवर येत होती. पण बातमी नसताना डॉक्टर गावात कसा यावा? याचं एक उत्तर वर्धा जिल्ह्यात सापडतं.

सेवाग्रामला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे मेडिकल कॉलेज सुरू झालं. उभं केलं डॉ. सुशीला नायर यांनी. गांधीजींच्या त्या डॉक्टर, पुढं केंद्रात आरोग्यमंत्री. त्याआधी तिथं कस्तुरबा रुग्णालय होतंच. बायका-पोरांसाठी थोड्या खाटांवर सुरू झालेलं. आता तिथं कित्येक शे खाटा आहेत. पण इमारती सगळीकडेच वाढतात. वेगळेपण आहे ते पोरांना शिकवण्याच्या पद्धतीत.

भरती झालेल्या पोरांना सुरुवातीला आश्रमात राहावं लागतं. झाडलोट, प्रार्थना, अंगावर खादी. मग त्या वर्षाची तुकडी एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस गावातच मुक्काम टाकते. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात. त्या घरातली गरोदर बाई कोण, म्हाताऱ्याचा खोकला किती दिवसांचा, पिण्याचं पाणी कुठलं, हे त्यानं लिहून ठेवायचं आणि पुढंही त्या घरी जात राहायचं. शहरातलं पोरगं चुलीपाशी बसून हे विचारतं तेव्हा शिकतं कोण, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला. सुगी झाली की घरटी ज्वारी गोळा करायची. भूमिहीनाची कमी, ज्याला रान जास्त त्याची जास्त. औषधोपचार मात्र दोघांना सारखाच. गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच योजना, अशी अट. कारण सरळ आहे. ज्याच्या घरात दुखणं आहे तेवढाच पैसे भरायला आला तर तो फंड टिकत नाही. अचानक आलेल्या आजाराला भरती झाल्यावर बिल नाही. आधीपासून ठाऊक असलेल्या, थांबू शकणाऱ्या उपचारांना नुसती सवलत.

आता कुणी म्हणेल, महात्मा फुले योजना असताना ज्वारी कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण ती योजना दवाखान्याच्या दारात सुरू होते. सेवाग्रामचा हिशेब गावात, ग्रामसभेत सुरू होत होता. तिथं आम्ही दान घेत नाही, आमचा वाटा भरलाय, असं माणूस छातीठोकपणे सांगू शकत होता. आमच्या मते खरी कमाई ती.

हे सगळं आज का? जालन्याला २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज झालं, एमबीबीएसच्या शंभर जागांचं. शिवाय राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडं लक्ष ठेवणं आता सक्तीचं आहे. सेवाग्रामची जुनी रीत देशाच्या नियमात आली म्हणायची. जालन्याहून अंबड तालुक्याची ही टोकाची गावं लांब पडतात, म्हणून पोरं शहराजवळच्या गावांत जातील ही धास्ती खोटी नाही. बस भरून आली, फोटो काढले, गेली, असंही व्हायचं.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी बसून राहू नये. येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. गावाची लोकसंख्या, गरोदर मातांची संख्या, बीपी-शुगरचे पेशंट आशाताईंच्या वहीत आहेतच. ती यादी जोडावी. पोरांच्या मुक्कामाला शाळेच्या दोन खोल्या आणि जेवणाची सोय पंचायत करील, असं लेखी द्यावं. अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. पोच घ्यायला विसरू नका.