पहिल्या घासापासून दोन तास

एरवी पोह्यांची भरली बशी आणि दोन कप गोड चहा झाल्याखेरीज न उठणारा गृहस्थ, तपासणीच्या दिवशी उपाशीपोटीचे रक्त देऊन आला की अर्ध्या भाकरीवर आणि ताकावर भागवतो, आणि दोन तासांनी दिलेल्या रक्तातील साखर १३५ निघाली म्हणजे तो कागद घरभर दाखवीत हिंडतो, हे दृश्य इतके परिचित आहे की त्यातील लबाडी कोणाच्या ध्यानातही येत नाही. जेवणानंतरचा आकडा ही त्या एका ताटाची जबानी असते. साक्षीदारच पढवून उभा केला तर निकाल काय लागणार!

अन्नातील पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरू लागताच स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते व त्याच्या बळावर तिची स्नायूंत आणि यकृतात रवानगी होते. निरोगी देहात ही चढउतार साधारणतः दोन तासांत आटोपून आकडा दर डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅमच्या आत येतो. ही मुदत पहिल्या घासापासून मोजावयाची, आचवल्यापासून नव्हे. पंगतीत पाऊण तास रमणाऱ्यांचा हिशेब नेमका येथेच चुकतो.

निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. तेथे १४० ते १९९ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची खूण आणि २०० वा अधिक हा मधुमेहाचा शेरा, ज्याची लक्षणे नसल्यास पुन्हा रुजवात करून घ्यावी लागते. उपचार चालू असलेल्यांना मात्र जेवणानंतर १८० च्या आत राहणे बहुधा पुरेसे मानतात. वृद्धांना याहूनही सवलत मिळते.

ताटातला पदार्थही आपला हिस्सा मागतोच. तूप ओतलेली पुरणपोळी जठरातून सावकाश सरकते, त्यामुळे तिचे शिखर दोन तास उलटल्यावरही येऊ शकते. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी, नावाने उपास असला तरी, तिच्यातला साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टच असल्यामुळे, कित्येकदा भाजीभाकरीहून साखर अधिक चढविते. घरच्या यंत्राला शंभराच्या वर सुमारे १५ टक्क्यांची तफावत माफ असते, तेव्हा १६० आणि १७० यांतील फरकावर झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. आंबा खाल्लेले बोट न धुता टोचले, तर मात्र यंत्र आंब्याचीच साखर सांगेल.

पुढच्या तपासणीस नेहमीचेच जेवा, जेवणाबरोबरची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावाचून चुकवू नका, आणि काय खाल्ले व पहिला घास किती वाजता घेतला, तेवढे त्या कागदाच्या कडेला लिहून न्या.