पिशवी उतरल्यानंतरचे दिवस

मनुष्य आपल्या शरीराच्या काही व्यवहारांविषयी आयुष्यभर मौन पाळतो आणि एखाद्या दिवशी तेच व्यवहार साऱ्या घराच्या चिंतेचा विषय होऊन बसतात. आमच्या पेडण्याच्या घरावर हा प्रसंग आला तो ज्येष्ठात, पहिल्या पावसात. भाऊंचे पोट दोन दिवस फुगले होते. वायूही सरत नव्हता. तुयेच्या सरकारी इस्पितळातून त्यांना तातडीने बांबोळीला हलवण्यात आले. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपासून ज्याची परंपरा चालत आली आहे, ते हे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. पेडणे असो वा डिचोली, आम्हां उत्तरेकडच्या लोकांची मोठ्या दुखण्यातील वाट शेवटी तिथेच जाते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाला पीळ पडून तो भाग काळा पडला होता. शल्यविशारदांनी त्याच रात्री तो काढून टाकला आणि आतड्याचे वरचे टोक पोटाच्या डाव्या अंगास बाहेर आणले. भाऊ शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या पोटावर पिशवी होती.

आतडे तिथल्या तिथेच का जोडले नाही, असे आम्ही विचारले. आतडे सुजलेले आणि पोटात दोष पसरलेला असताना घातलेले टाके धरत नाहीत. जोड सुटला तर मळ पोटात सांडून प्राणावर बेतते. म्हणून आधी जीव वाचवायचा, जोडणी मागाहून. हार्टमान या फ्रेंच शल्यविशारदाने १९२१ साली वर्णिलेली ही पद्धत आहे. पोटावर मलद्वार काढण्याची युक्ती तर त्याहूनही जुनी. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्त येथे ड्युरे यांनी गुदद्वाराविना जन्मलेल्या एका अर्भकावर ती योजली आणि ते मूल पुढे ४५ वर्षे जगले.

पिशवीची सवय भाऊंच्या हातांना महिन्याभरात झाली. मनाला झाली नाही. चवथ आली. गणपतीवरची माटोळी बांधण्याचे काम आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या थोरल्याचे. रानातली कांगलां, नारळाची पेंड, सुपारीचे कातरे अशी तयारी झाली. पण भाऊ सोप्यावरच बसून राहिले. ‘‘असल्या अंगाने मखराजवळ कसा येऊ?’’ म्हणाले. वहिनी चिडून म्हणाल्या, ‘‘ज्याचे नावच लंबोदर, त्याला तुमच्या पोटाचे वावडे कसले?’’ तरी भाऊ उठले नाहीत. त्या दिवशी आम्हांला उमगले, की पोटावरची जखम भरते, पण ‘आपण अशुद्ध झालो’ ही समजूत आत चरत राहते.

जोडणी दिवाळीपूर्वी उरकावी, अशी घरातल्या मुलांची घाई. डॉक्टरांनी ती मानली नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर निदान तीन महिने, आणि अशा तातडीच्या प्रसंगानंतर बहुधा त्याहूनही अधिक काळ, पोटातील सूज ओसरण्यासाठी द्यावा लागतो. शिवाय भाऊंचे रक्त कमी, साखर वाढलेली आणि विडी सुटलेली नव्हती. विडीने जखमेला मिळणारा रक्तपुरवठा घटतो, खोकल्याने टाक्यांवर ताण येतो. हे समजल्यावर भाऊंनी विडी टाकली. आहारात अंडी, मासे, डाळी वाढवल्या. रोज सकाळी चालणे सुरू झाले.

पुढची तयारी इस्पितळात झाली. दुर्बिणीतून वरचे आतडे तपासले. गुदद्वारातून औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतले आणि खाली बंद करून ठेवलेला भाग निरोगी असल्याची खात्री केली. त्या भागातून अधूनमधून चिकट स्राव येतो, त्याने आम्ही घाबरलो होतो; पण तो नैसर्गिक असतो. विश्रांती घेतलेल्या गुदद्वाराच्या स्नायूंना पुन्हा कामाला लावण्यासाठी व्यायाम सांगितला: वायू रोखावा तसे आवळून धरायचे, पाच अंक मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती केव्हा थांबवायची, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने थांबवू नयेत.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, आणि ती प्रत्येक कुटुंबाने ऐकावी. ही दुसरी शस्त्रक्रिया लहान नव्हे. पोट उघडल्यावर जोडणी शक्य नाही असेही दिसू शकते. नव्या जोडाला जपण्यासाठी काही काळ दुसरी पिशवीही लागू शकते. काही रुग्ण वय व प्रकृती पाहून पिशवीसहच राहणे पसंत करतात, आणि तसे राहून माणसे शेती करतात, नोकरी करतात, लग्नमुंजींत मिरवतात. भाऊंनी दोन रात्री विचार केला आणि होकार दिला.

माघात जोडणी झाली. आदल्या दिवशी पातळ आहार आणि रेचक, नंतर उपवास. शस्त्रक्रियेनंतर पहिले दिवस आम्ही एकाच वार्तेची वाट पाहत होतो. चौथ्या दिवशी पहाटे भाऊंना वायू सरला, आणि एवढ्या गोष्टीचा आनंद घरात पुत्रजन्मासारखा झाला! मग घोटभर पाणी, पेजेची निवळ, मऊ भात असा क्रम. पहिल्या आठ-दहा दिवसांत जोड सुटण्याचे भय असते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, फुगारा, ओकारी, जलद नाडी यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब करू नये. घरी आल्यावर ही लक्षणे दिसली, तरी उद्यापर्यंत थांबू नये.

भाऊ नवव्या दिवशी घरी आले. आता सारे पूर्ववत होईल, अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली. दिवसाकाठी सात-आठ वेळा शौचास होई, तेही अचानक. त्वचा सोलवटून निघे. कोमट पाण्याने धुणे, मऊ कापडाने अलगद टिपणे आणि डॉक्टरांनी दिलेले जस्ताचे मलम, एवढ्या उपायांनी ती शांत झाली. उकड्या तांदळाची पेज, पिकलेले केळे, ताक सोसले. तिखट हुमण, फणस आणि अळसांदे काही आठवडे दूर ठेवावे लागले. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही थोडा, हा नियम वहिनींनी कसोशीने पाळला. शिगमा आला. ढोल गळ्यात अडकवण्यास भाऊंना सक्त मनाई होती. सहा ते आठ आठवडे जड उचलल्यास टाक्यांच्या जागी अंतर्गळ होण्याचा धोका असतो. ते सोप्यावर बसून बोटांनी ठेका धरीत राहिले. शौचाचे वेळापत्रक ताळ्यावर यायला पाच महिने लागले, आणि ते आजही पहिल्यासारखे नाही.

पुढच्या चवथीला माटोळी भाऊंनी बांधली. आरती चालू असताना ते मध्येच उठून मागच्या दारी गेले. आमच्या मनात चर्र झाले. वहिनींनी आवाज जराही न थांबवता आरती चालू ठेवली. थोड्या वेळाने भाऊ हातपाय धुऊन परतले, सोप्याकडे वळलेही नाहीत. सरळ मखरासमोर आपल्या जागी उभे राहिले आणि झांज हातात घेतली.

आतडे डॉक्टरांनी माघात जोडले होते. भाऊंचे उरलेले सारे त्या दिवशी जोडले गेले, असे आम्हांला वाटते. वाचकहो, आपल्या घरात कोणी पोटावर पिशवी वागवीत असेल, तर ती उतरण्याची वाट न पाहता त्यांना आजच मखराजवळ बोलवा.